ॲव्हरेज पडलं? ड्रायव्हरचा पगार कापण्याआधी वहीत तास लिहा



आज पिकाबद्दल नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. भात कापून झालं, वांगी, मुळा, दुधी, पालेभाजी सुरू झाली की आमच्याकडे गाडीला उसंत नसते. आणि आमच्या उत्तन-डोंगरी पट्ट्यात ज्यांच्याकडे स्वतःचा टेम्पो किंवा छोटा ट्रक आहे, त्यांच्याकडून सध्या एकच तक्रार ऐकू येते. गाडीचं ॲव्हरेज पडलं. आधी लिटरला दहा-साडेदहा द्यायची, आता आठवर आली. या तक्रारीच्या पाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं असतं, "ड्रायव्हर डिझेल काढत असणार."

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिझेलची चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. होते. पण ॲव्हरेज पडायची दहा-बारा कारणं असतात, त्यातलं चोरी हे एक, आणि तेच सिद्ध करायला सगळ्यात अवघड. तरीही आपण पहिलं बोट तिकडेच दाखवतो. कारण ड्रायव्हर समोर उभा असतो आणि तो उलटून बोलणार नाही हे आपल्याला माहीत असतं. हे माणुसकीला धरून नाही. आणि माणुसकी बाजूला ठेवली तरी हिशेबालाही धरून नाही, कारण खरं कारण तसंच राहतं आणि पैसे जातच राहतात.

आमच्याच पट्ट्यातल्या एका बागायतदारानं असंच केलं. ॲव्हरेज पडलं म्हणून दोन महिने ड्रायव्हरच्या पगारातून डिझेलचे पैसे कापले. सहा वर्षं गाडीवर असलेला माणूस, गाडी स्वतःची असल्यासारखी धुवायचा. तिसऱ्या महिन्यात त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. नवा ड्रायव्हर आला. ॲव्हरेज? तेच, आठ-सव्वाआठ. मग कुठं गाडी जॅकवर चढली, आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक अर्धवट धरून बसलेला सापडला. तो सोडवल्यावर अर्धा किलोमीटर परत आला. उरलेला अजून आला नाही, आणि तो का आला नाही हेच या लेखाचं मुख्य सांगणं आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ॲव्हरेज हा गाडीचा गुण नाही, तो भागाकार आहे. वर किलोमीटर, खाली लिटर. आकडा बिघडला तर तीन ठिकाणी बघायचं. किलोमीटर चुकीचे मोजले का? लिटर चुकीचे मोजले का? की दोन्ही बरोबर आहेत आणि गाडीला तेवढ्याच अंतराला खरंच जास्त डिझेल लागतंय? आपण सगळे थेट तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतो.

किलोमीटरचं बघा. नवे टायर टाकले की मीटर कमी किलोमीटर दाखवतो. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतराला चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त पळतो. नव्या टायरचं उलट. जुना गुळगुळीत टायर आणि नवा टायर यांत मीटरमध्ये दोन-अडीच टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे दहाचं ॲव्हरेज काहीही न होता पावणेदहाच्या आसपास दिसायला लागतं. वर नव्या टायरची जाड नक्षी सुरुवातीला थोडी जास्त ताकद मागते, ते वेगळंच. टायर बदलल्याच्या महिन्यात ॲव्हरेज पडलं असेल तर फोनच्या नकाशावर अंतर ताडून घ्या आणि मग बोला.

आता लिटर. "दोन हजाराचं टाक" म्हणून डिझेल भरणारा माणूस ॲव्हरेज कधीच काढू शकत नाही. काट्यावर बघून काढलेलं ॲव्हरेज हे ॲव्हरेज नाही, अंदाज आहे. टाकी फुल करायची, नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, वरून ठोकून ठोकून भरायचं नाही. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, गाडी तशीच सपाट उभी करून पुन्हा फुल. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, तीन-चार टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागायचं. पंपाच्या मापावर शंका असेल तर घरी चडफडत बसू नका. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मागायला लाजायचं कारण नाही, तो आपला हक्क आहे.

एवढं करूनही ॲव्हरेज कमीच आलं, तर गाडीकडे वळायचं. इथं माझा एक नियम आहे. फुकटच्या तपासण्या आधी, स्वस्त नंतर, महाग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गाडी गॅरेजला गेली की पहिल्यांदा नोझल आणि पंप काढायची भाषा सुरू होते. हजारो रुपये जातात, आणि कारण असतं हवेचं.

हो, टायरमधली हवा. हे फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही. केंद्राची पीसीआरए ही इंधन बचतीचं काम करणारी संस्था कित्येक वर्षं सांगतेय की टायरमध्ये हवा कमी असली तर इंधन जास्त जातं आणि टायरही लवकर खपतो. सहा चाकांच्या गाडीत मागच्या जोडीतला आतला टायर हा सगळ्यात दुर्लक्षित. त्याचा वॉल्व हाताला नीट येत नाही म्हणून हवावाला बाहेरचा बघतो आणि "झालं साहेब" म्हणतो. आतला बसलेला असला की सगळा भार बाहेरच्यावर, आणि गाडी ओढून नेल्यासारखी चालते. सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना, सहाही चाकं गेजनं मोजा. काठीनं ठोकून आवाज ऐकणं म्हणजे मोजणं नव्हे.

दुसरं, ब्रेक. समुद्रकाठच्या गाड्यांना याचा त्रास जास्त, कारण आपली हवा खारी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भाईंदरची खाडी आणि मिठागरं. त्यात आमची गाडी अधूनमधून शेजाऱ्यांचे सुके बोंबील घेऊन मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातही जाते. लोखंडाला गंज धरायला आणखी काय पाहिजे? पावसाळ्यानंतर ब्रेकचे सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल अडकते, लायनर ड्रमला घासत राहतं. तपासायला पैसे लागत नाहीत. पाच-सहा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसे न मारता गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न टेकवता धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर चोर सापडला. नाहीतर सपाट जागी न्यूट्रलमध्ये दोघांनी ढकलून बघा. रिकामी गाडी हलायला नको म्हणत असेल तर काहीतरी धरतंय.

तिसरं, अलाइनमेंट. खड्ड्यात एकदा चाक आपटलं की पुरे. पुढच्या टायरची एकच कडा झिजत असेल, किंवा हात सोडला की गाडी एका बाजूला जात असेल, तर चाकं सरळ नाहीत. ती पुढं जाताना थोडी घासत जातात आणि ते घासणं डिझेलमधूनच भरलं जातं.

चौथं, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर. महामार्गावर आणि आमच्या शहरात किती वर्षं बांधकाम चाललंय ते मी सांगायला नको. दहिसर-भाईंदर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून धूळ हा हवेचाच भाग झालाय. कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरला एअर फिल्टर बदलायचा हा नियम स्वच्छ रस्त्यासाठी आहे. आपल्याला तो आधीच उघडून बघावा लागतो. फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा कमी पडते आणि मागून काळा धूर येतो. टर्बोचा होज कुठं फाटला असेल तरी तेच होतं, फक्त सोबत फुसफुस आवाज येतो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे तुमचेच पैसे. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या खालचा नट ढिला करून पाणी काढायचं, हे ड्रायव्हरला सांगून ठेवा, किंवा स्वतः करा.

पाचवं फार लोकांना माहीत नसतं. थर्मोस्टॅट, आपले मेकॅनिक त्याला वॉल म्हणतात. गाडी गरम होते म्हणून हा वॉल काढून फेकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. वॉल काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन हवं तेवढं तापतच नाही. थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि झिजतंही जास्त. तापमानाचा काटा अर्ध्या तासानंतरही तळाशीच असेल तर विचारा, "वॉल आहे का काढलाय?"

सहावं, क्लच. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट घसरतेय. ड्रायव्हरला पाय क्लचवर ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर प्लेट लवकर जाते. ही सवय मात्र खरंच ड्रायव्हरची. पण सवय बदलायला समजावून सांगायचं असतं, पगार कापून सवय जात नाही.

आणि एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर सातवं. या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून ती जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगानं पळावी लागते. शहरात दहाच्या वेगानं सरकणाऱ्या गाडीची काजळी लवकर साठते आणि नीट जळतही नाही, मग ही जाळपोळ पुन्हा पुन्हा होते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की ड्रायव्हरला बंद करू देऊ नका. एखाद्या मोकळ्या रस्त्यावर गाडी वीसेक मिनिटं एका वेगानं पळू द्या. "फिल्टर काढून टाकतो, ॲव्हरेज वाढेल" असं सांगणारे भेटतील. ते कायद्याविरुद्ध आहे, आणि तो धूर शेवटी आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

हे सगळं बघून झाल्यावर नोझल, पंप, कॉम्प्रेशन. त्याआधी नाही.

मध्येच एका गैरसमजाबद्दल. २०२५ मध्ये पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवरून बरीच बोंब झाली. तेव्हापासून डिझेल गाडीवालेही म्हणायला लागले, "ते इथेनॉल मिसळतात ना, म्हणून पडलं." मंडळी, इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. पंपावरच्या डिझेलमध्ये नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या टेम्पोला मात्र फरक पडू शकतो. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. गाडी त्यासाठी बनवलेली असेल तर त्यातलं काही भरून निघतं. डिझेलसाठी सरकारचं उद्दिष्ट वेगळं आहे, २०१८च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेल असं म्हटलंय. तेवढ्यानं साडेदहाचं आठ होत नाही.

मग साडेदहाचं सव्वाआठ कशानं होतं? आता मुख्य मुद्द्यावर येतो.

आमची भाजी बहुतेक भाईंदर आणि बोरिवलीतच खपते. माल जास्त निघाला की आम्ही तीन-चार जण मिळून गाडी भरतो आणि वाशीच्या मार्केटला, म्हणजे तुर्भ्याला पाठवतो. रस्ता असा: उत्तनहून भाईंदर, गोल्डन नेस्ट, काशीमिरा, तिथून महामार्गानं वरसावे नाका, फाउंटन हॉटेलजवळून घोडबंदर रस्ता, चेणे, काजूपाडा, गायमुखचा घाट, ठाणे, ऐरोली, तुर्भे. एका बाजूचे साधारण ५५ किलोमीटर. गाडी रात्री एकच्या सुमारास निघते, माल उतरवून सकाळी आठ-साडेआठला परत फिरते.

वहीत मी किलोमीटर आणि लिटरबरोबर तिसरा रकाना ठेवलाय, तासांचा. आणि आठ-दहा फेऱ्यांत टाकी दोनदा फुल करून घेतली, एकदा तुर्भ्याला पोचल्यावर आणि एकदा घरी आल्यावर. म्हणजे जातानाचं वेगळं, येतानाचं वेगळं. आकडे सांगतो. जाताना भरलेली गाडी, ५५ किलोमीटर, पावणेदोन तास, साडेपाच लिटर. येताना रिकामी गाडी, तेच ५५ किलोमीटर, चार तास, पावणेआठ लिटर.

पुन्हा वाचा. दीड टन माल भरलेली गाडी कमी खाते आणि रिकामी गाडी जास्त खाते. इंजिन तेच, टायर तेच, ड्रायव्हर तोच, डिझेल तेच. दोष गाडीत असता तर तो भरलेल्या गाडीत आधी दिसला असता. ड्रायव्हर चोर असता तर जातानाही चोरलं असतं. बदलले फक्त तास.

कारण साधं आहे. उभ्या गाडीचं इंजिन किलोमीटर देत नाही पण डिझेल खातं. आमच्या गाडीला नुसतं उभं राहायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास लागतं, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना त्याहून जास्त. शिवाय प्रत्येक वेळी थांबून परत उचलायचं. पाच टनांची गाडी शून्यावरून ताशी ४० वर नेली की हिशेबानं ३० ते ४० मिलिलिटर डिझेल लागतं, आणि पुढच्या ब्रेकला ते सगळं ड्रमच्या उष्णतेत जातं. तीसेक वेळा असं झालं की लिटर गेला. वरसावे ते कापूरबावडी तीस वेळा थांबणं ही काही नवलाई नाही. पीसीआरए ४५ ते ५५च्या वेगानं चालवा म्हणते. घोडबंदर रस्त्यावर सकाळी हा वेग मिळाला तर मी पेढे वाटीन.

हा रस्ता काही आजच बिघडलेला नाही. २०१६ मध्ये वरसाव्याच्या जुन्या पुलाच्या गर्डरला तडा गेला तेव्हा अवजड गाड्या बंद केल्या होत्या आणि सगळा भार इकडे-तिकडे फिरला होता. नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला. मग वरसाव्यापासून तलासरीपर्यंत महामार्गावर काँक्रीटचा थर टाकायचं काम निघालं. गायमुख घाटाची दुरुस्ती २०२४ मध्ये झाली, त्या वेळीही गाड्या वळवल्या. दहिसर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तरी रांग काही गेली नाही. गायमुख ते फाउंटन हॉटेल बोगदा आणि तिथून भाईंदरपर्यंत उन्नत रस्ता हा एमएमआरडीएचा मोठा बेत होता, त्याची निविदा मे २०२५ मध्ये न्यायालयातल्या वादानंतर रद्द झाली. ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम चालू आहे, पण तो मागाठाण्याहून निघतो आणि त्याला वेळ आहे. काम नको असं मी म्हणत नाही. रस्ता सुधारायचा तर खोदावाच लागतो. पण खोदकामाचं डिझेल कोण भरतं, हे कुणी विचारत नाही.

तेच सांगतो. पूर्वी रस्ता बरा असताना आमची फेरी साडेदहा लिटरमध्ये व्हायची, आता सव्वातेरा लागतात. पावणेतीन लिटर जास्त. लिटर ९० रुपये धरला तर फेरीला अडीचशे रुपये, महिन्याच्या बारा फेऱ्यांना तीन हजार. दीड टनावर वाटला तर किलोमागे सोळा-सतरा पैसे. ऐकायला काहीच नाही. पण हे पैसे ग्राहकाच्या बिलात जात नाहीत. वाशीला भाव आवकेवर ठरतो, माझी गाडी किती तास अडकली यावर नाही. व्यापारी पट्टी करतो तेव्हा त्यात हमाली, तोलाई असते, "घोडबंदरला थांबलो त्याचे" असा रकाना नसतो. म्हणजे ते एकतर माझ्या खिशातून जातात, नाहीतर, आणि हेच मला सलतं, ड्रायव्हरच्या पगारातून कापले जातात. जो माणूस रात्री एकपासून दुपारी साडेबारापर्यंत जागा आहे, चार तास पहिल्या गिअरमध्ये डावा पाय क्लचवर दाबून बसलाय, त्यालाच आपण त्या कोंडीचं बिल लावतो.

म्हणून माझं सांगणं तीन गोष्टींचं आहे.

एक, वहीत तास लिहा. किलोमीटर, लिटर, निघायची वेळ, पोचायची वेळ, माल किती. पाच रकाने. तास वाढले आणि ॲव्हरेज पडलं तर कारण रस्ता. तास तेच राहिले आणि ॲव्हरेज पडलं तर कारण गाडी, मग वर सांगितलेल्या क्रमानं तपासा. तास तेच, गाडी ठीक, पंप बदलूनही आकडा तोच, आणि त्याच गाडीवर दुसरा माणूस बसला की आकडा सुधारतो, असं तीन-चार टाक्यांत दिसलं तरच ड्रायव्हरशी बोलायची वेळ येते. तेव्हाही आधी चालवायच्या सवयीबद्दल, चोरीचा शब्द सगळ्यात शेवटी.

दोन, वही ड्रायव्हरच्या हातात द्या. त्यानंच लिहायची, तुम्ही तपासायची. काही जण म्हणतील, "चोराच्या हाती किल्ली." अहो, पंपाची पावती आहे, फोनमध्ये वेळ आहे, आकडे ताडायला काय लागतं? आणि ड्रायव्हरला जे दिसतं ते मालकाला दिसत नाही. ब्रेक धरतोय, गाडी ओढतेय, चढावर दम लागतोय, हे त्याच्या पायाला आधी कळतं. पगार कापायची भीती असेल तर तो सांगणारच नाही, कारण सांगितलं की "तूच बिघडवली" हे ऐकावं लागेल. तो गप्प बसला की नुकसान आपलंच.

तीन, या वह्या एकत्र करा. एकट्या शेतकऱ्याची तक्रार म्हणजे रडगाणं. पण उत्तन, डोंगरी, राई-मुर्धा, चेणे इथल्या वीस गाड्यांच्या सहा महिन्यांच्या वह्या घेऊन महापालिकेकडे, वाहतूक पोलिसांकडे, रस्त्याचं काम ज्याच्याकडे आहे त्या खात्याकडे गेलो तर बोलता येईल. मागणी मोठी नाही. रस्त्याचं काम कुठल्या तासात चालणार आणि कुठून गाड्या वळवणार हे आठवडाभर आधी मराठीत जाहीर करा. नाशवंत मालाच्या गाड्यांना परतीसाठी एक ठरलेली वेळ द्या. अवजड गाड्या सोडायची वेळ ठरवताना भाजी-मासळीच्या गाड्यांची वेळ विचारात घ्या. एवढं झालं तरी पावणेतीनातला एखादा लिटर वाचेल.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करू. सहा महिन्यांतून एकदा अलाइनमेंट, आठवड्याला हवा, पावसाळ्यानंतर चारही ड्रम उघडून साफसफाई, दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर इंजिन बंद. आणि जमलं तर परतीची वेळ पुढं-मागं. आमच्या ड्रायव्हरनं स्वतःच सुचवलं की माल उतरवून तिथंच झोपतो आणि अकरानंतर निघतो. दोन फेऱ्या करून बघितल्या, येताना चार तासांऐवजी अडीच लागले आणि सहा लिटरच्या आत आला. त्याची झोपही झाली. आता आठवड्यातून दोनदा असंच करतो.

उद्यापासून तिसरा रकाना आखा मंडळी. महिनाभरानं तुमच्या वहीत तास आणि लिटर काय सांगतात ते मला कळवा. गाडी कुठलीही असो, आकडे खरे असू द्या.